शाळा सुटलेल्यांच्या हातातला फोन

शिक्षणहक्क कायदा वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंत मुलाच्या पाठीशी उभा राहतो. त्यानंतर शाळा सुटली, तर त्या मुलाला परत वर्गात आणून बसवणं हे कायद्याने कोणावरही बंधनकारक उरत नाही. आणि पंधरावं सरलं की सरकारदरबारी ते मूल प्रौढ होतं. 1988 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय साक्षरता अभियानाने 15 ते 35 हा वयोगट धरला होता. 2022 पासून चालू असलेला नवभारत साक्षरता कार्यक्रम, म्हणजे ‘उल्लास’, 15 वर्षांवरच्या सगळ्यांसाठी आहे. त्यामुळे आठवीत शाळा सोडून खानावळीत भांडी घासणारा सोळा वर्षांचा मुलगा आणि कधीच शाळेची पायरी न चढलेली त्याची आजी, दोघंही एकाच धोरणाच्या छपराखाली येतात. आजीला अक्षरं हवी आहेत, बसची पाटी वाचायची आहे, अंगठ्याऐवजी सही करायची आहे. मुलाला अक्षरं येतात, पण परिच्छेद वाचताना तो अडखळतो. त्याला दहावी हवी आहे, कारण दहावी नसेल तर बहुतेक नोकऱ्यांची दारं उघडतच नाहीत. आणि त्याच्या खिशात स्मार्टफोन आहे.

या फोनचं शिक्षणात काय होतं, हा या लेखाचा विषय आहे. गेल्या पंचवीस वर्षांत या प्रश्नावर भरपूर आशा व्यक्त झाली, थोडं संशोधन झालं आणि शिकणाऱ्या तरुणांना फार कमी विचारलं गेलं.

आशेची सुरुवात साधारण एकाच काळात झाली. 1999 मध्ये दिल्लीच्या कालकाजी भागात सुगता मित्रा यांनी झोपडपट्टीलगतच्या भिंतीत संगणक बसवला आणि मुलं कोणी न शिकवता तो चालवायला लागली. पुढे हा प्रयोग आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यासह अनेक ठिकाणी झाला. 2000 साली टाटा कन्सल्टन्सीच्या फकीरचंद कोहली यांनी प्रौढांना संगणकावरच्या चित्रं आणि आवाजांच्या आधारे चाळीसेक तासांत वाचायला शिकवण्याचा प्रकल्प तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या एका खेड्यातून सुरू केला. 2001 मध्ये मार्क प्रेन्स्की या अमेरिकन लेखकाने मांडलं, की संगणकाच्या काळात जन्मलेली पिढी ही त्या जगाची मूळ रहिवासीच आहे आणि तिचे शिक्षक मागाहून आलेले स्थलांतरित. त्याच वर्षी महाराष्ट्रात महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनची म्हणजे एमकेसीएलची स्थापना झाली आणि पुढे एमएस-सीआयटी या तिच्या संगणक अभ्यासक्रमाचे वर्ग तालुक्या-तालुक्यात उघडले.

या चारही गोष्टींचा आज हिशेब मांडला, तर माणूस जिथे सोबत होता तिथे जास्त टिकलं असं दिसतं. भिंतीतल्या संगणकाबद्दल मार्क वॉर्शाउअर या अभ्यासकाने तिथे जाऊन नोंदवलं, की मुलं बहुतांश वेळ खेळ खेळतात आणि चित्रं काढतात. संगणक हाताळणं ती शिकली, पण त्यापुढच्या वाटेवर त्यांना बोट धरून नेणारं कोणी नव्हतं. कोहलींच्या प्रकल्पात प्रत्येक गटाबरोबर एक शिकवणारी व्यक्ती होती. एमएस-सीआयटीची केंद्रं चालली, कारण तिथे ठरलेली वेळ, ठरलेली खुर्ची आणि अडलं तर हाक मारायला कोणीतरी होतं. प्रेन्स्कींच्या कल्पनेला मात्र पुढच्या संशोधनाने फारसा आधार दिला नाही. पॉल किर्शनर आणि पेद्रो द ब्रायकेरे यांनी 2017 मध्ये या विषयावरच्या अभ्यासांचा धांडोळा घेऊन ती दंतकथाच असल्याचं सांगितलं. या काळात जन्माला आल्याने कोणाला आपोआप माहिती शोधता, पारखता आणि वापरता येत नाही.

आपल्याकडची आकडेवारी यासाठी फार मोलाची आहे, आणि ती जितकी चर्चेत यायला हवी होती तितकी आली नाही. ‘असर’ या वार्षिक शैक्षणिक पाहणीने 2023 साली 14 ते 18 या वयोगटावर लक्ष केंद्रित केलं. 26 राज्यांतल्या 28 जिल्ह्यांत 34,745 मुलामुलींना घरी जाऊन भेटून हे काम झालं. जवळजवळ 90 टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता आणि तो त्यांना वापरता येत होता. याच मुलांपैकी सुमारे पाव हिश्श्याला आपल्या भाषेतला दुसरीच्या पातळीचा मजकूर सलग वाचता येत नव्हता. तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागण्याचं गणित फक्त 43.3 टक्के मुलांना जमलं. ही दोन टोकं एकाच मुलात असतात. बोटं पडद्यावर झरझर चालतात आणि ओळ वाचताना नजर अडते.

या पाहणीचा सगळ्यांत महत्त्वाचा भाग पुढे आहे. कार्यकर्त्यांनी मुलांना नुसते प्रश्न न विचारता फोनवर कामं करून दाखवायला सांगितली. यूट्यूबवर सांगितलेली चित्रफीत शोधणं बहुतेकांना जमलं. इंटरनेटवर एका प्रश्नाचं उत्तर शोधणं सुमारे 70 टक्क्यांना जमलं. ठरलेल्या वेळेचा गजर लावणं दोनतृतीयांश मुलांना आणि गुगल मॅप्सवरून एखाद्या ठिकाणी पोहोचायला लागणारा वेळ काढणं एकतृतीयांशाहून थोड्या अधिक मुलांना. आणि या सगळ्या कामांत शिक्षणाची इयत्ता वाढेल तसं यशाचं प्रमाणही वाढत गेलं. म्हणजे शाळेत जास्त शिकलेल्याला फोनचाही जास्त उपयोग होतो. शाळा लवकर सुटलेल्या मुलाच्या हाती तोच फोन येतो, पण त्यातून त्याला मिळतं कमी. शाळेतली उणीव फोन भरून काढेल ही अपेक्षा त्यामुळे उलटी पडते. आधी वाचता यायला हवं, मग फोन शिकवू लागेल.

तरीही याच पाहणीतली एक नोंद मला आशादायक वाटते. शाळेत किंवा कॉलेजात नाव नसलेल्या मुलांपैकी सुमारे पाव मुलांनी सांगितलं, की गेल्या आठवड्यात त्यांनी फोनवर शिक्षणाशी संबंधित काहीतरी केलं होतं. शाळेचं दडपण नाही, परीक्षा नाही, कोणी सांगितलेलं नाही, तरी चारातलं एक मूल शिकू पाहत होतं. ही मुलं कोणती, काय पाहत होती, कुठे अडली, हे कोणत्याच योजनेने त्यांना विचारलेलं नाही. प्रौढ शिक्षणाची खरी सुरुवात इथून व्हायला हवी.

मुलींच्या बाबतीत चित्र वेगळं आहे आणि ते वेगळंच मांडायला हवं. स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलग्यांपैकी 43.7 टक्क्यांकडे स्वतःचा फोन होता, मुलींपैकी 19.8 टक्क्यांकडे. घरातला फोन वापरायला मिळणं आणि स्वतःचा फोन असणं यात शिकण्याच्या दृष्टीने फार अंतर आहे. वडिलांचा फोन ते कामावरून आल्यावर मिळतो, भावाचा त्याचा गेम संपल्यावर, नवऱ्याचा तो देईल तेव्हा. कोण काय पाहतंय यावर घराची नजर असते. संध्याकाळी सातला व्हॉट्सॲपवर धडा आला, तर त्या वेळी ती भाकऱ्या थापत असते. ‘प्रथम’ संस्था 2011 पासून ‘सेकंड चान्स’ या नावाने शाळा सुटलेल्या मुली आणि स्त्रियांना दहावीपर्यंत नेण्याचं काम करते. अशा कार्यक्रमांत जिथे मुली टिकतात, तिथे घराबाहेरची एक जागा, त्यांच्यासारख्याच चारजणींची सोबत आणि घरच्यांशी जाऊन बोलणारी एक ताई असते. फोन या तीन गोष्टींनंतर येतो. मुलींसाठी डिजिटल शिक्षणाची योजना आखणाऱ्याने आधी ‘फोन कोणाचा आणि कोणत्या वेळी’ हा प्रश्न सोडवावा, मग ॲपचा विचार करावा.

आता वर्गाकडे वळू. महाराष्ट्राला रात्रशाळेची परंपरा जुनी आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी 1855 साली पुण्यात कष्टकऱ्यांसाठी रात्रीचा वर्ग चालवला. मुंबईत गिरण्या, गोद्या आणि छापखान्यांतल्या कामगारांनी रात्रशाळा भरवल्या आणि आज त्यांच्या जागी कुरिअरवाले, ऑफिसबॉय, सलूनमधले कारागीर, घरकाम करणाऱ्या मुली येतात. साडेसहाच्या सुमाराला वर्ग भरतो आणि साडेनऊपर्यंत चालतो. बारा तास पायांवर उभं राहिलेला विद्यार्थी त्यात बसलेला असतो. 17 मे 2017 च्या शासननिर्णयाने दिवसा एका शाळेत आणि रात्री दुसऱ्या शाळेत शिकवणाऱ्या दुबार शिक्षकांची रात्रशाळेतली सेवा थांबवली, तेव्हा अनेक रात्रशाळांतून अनुभवी शिक्षक एकदम गेले. त्याची झळ मुलांना बसली. 2008 पासून मुंबईच्या रात्रशाळांत काम करणाऱ्या ‘मासूम’सारख्या संस्थांनी जेवण, प्रयोगशाळा, पुस्तकं आणि पुढे डिजिटल साहित्यही पुरवलं. रात्रशाळेला भूक आणि झोप यांच्याशी आधी लढावं लागतं हे त्यांनी ओळखलं, म्हणून त्यांचं काम मला फार महत्त्वाचं वाटतं.

अशा वर्गात फोनचा चांगला उपयोग कसा होतो? शिक्षक फळ्यावर वर्गसमीकरणाचं एक उदाहरण सोडवतात आणि तेच स्वतःच्या आवाजात, स्वतःच्या अक्षरात तीन मिनिटांच्या चित्रफितीत रेकॉर्ड करून वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकतात. उशीर झाल्याने ज्याचा तास बुडला, तो लोकलमध्ये उभ्या उभ्या तीच चित्रफीत दोनदा पाहतो. मुलगा अडलेला प्रश्न टाइप करत नाही, बोलून पाठवतो, कारण मराठी लिहिताना त्याचा हात अडखळतो आणि इंग्रजी लिपीत लिहिलेलं मराठी परीक्षेत चालत नाही. हे अगदी साधं तंत्र आहे. त्याला वेगळं ॲप लागत नाही, डेटा थोडा लागतो आणि पडद्यावर दिसणारा माणूस ओळखीचा असतो. दूर कुठल्या स्टुडिओत बनलेला देखणा पाठ मुलं दोन मिनिटांत पुढे सरकवतात, पण आपल्या बाईंचा आवाज शेवटपर्यंत ऐकतात.

याउलट बालभारतीची पाठ्यपुस्तकं पीडीएफ स्वरूपात मोफत मिळतात आणि त्यांतले क्यूआर कोड ‘दीक्षा’ या सरकारी पोर्टलवरच्या साहित्याकडे नेतात. ही सोय दिवसाच्या शाळेसाठी उत्तम आहे. पण पूर्ण पानाचं पुस्तक सहा इंची पडद्यावर मोठं करून, सरकवत सरकवत वाचायचं, तेही वाचनात कच्च्या असलेल्या माणसाने, हे कठीण आहे. छापील पुस्तक हातात देणं स्वस्त आणि परिणामकारक ठरतं. मुक्त शिक्षणाच्या क्षेत्राला हे कधीच कळलेलं आहे. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ 1 जुलै 1989 रोजी सुरू झालं, तेव्हा पहिले कुलगुरू राम ताकवले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वयंअध्ययनाची पुस्तकं स्वतंत्रपणे लिहून घेतली आणि गावोगावच्या अभ्यासकेंद्रांवर संमंत्रक नेमले. शिकणारा घरी असला तरी त्याला अधूनमधून माणसासमोर बसायला मिळालं पाहिजे, हे त्या रचनेतच गृहीत धरलेलं होतं. राष्ट्रीय मुक्त विद्यालयाने पाच वर्षांत नऊ वेळा परीक्षेला बसण्याची आणि मागाल तेव्हा परीक्षा देण्याची सोय केली. कामावरच्या सुट्टीची खात्री नसलेल्या तरुणाला या लवचीकतेचा जितका फायदा होतो, तितका कोणत्याही ॲपचा होत नाही.

तंत्रज्ञानाची दुसरी बाजू दाराशीच भेटते. दहावीला खाजगीरीत्या बसायचं तर सतरा नंबरचा फॉर्म भरावा लागतो आणि तो आता ऑनलाइन आहे. मुक्त विद्यापीठाचा प्रवेश ऑनलाइन, शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटी ऑनलाइन, गुणपत्रिका डिजिलॉकरमध्ये. प्रत्येक ठिकाणी मोबाइल क्रमांक, ओटीपी आणि आधारशी तंतोतंत जुळणारं नाव लागतं. ज्याचं सिमकार्ड दर काही महिन्यांनी बदलतं, ज्याच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर एक स्पेलिंग आणि आधारवर दुसरं आहे, तो इथेच थबकतो. मग सायबर कॅफेवाला पैसे घेऊन फॉर्म भरतो, स्वतःचाच ईमेल घालतो आणि पासवर्डही त्याच्याच वहीत राहतो. हॉलतिकीट काढायला पुन्हा त्याच्याच दारात. रील बनवता येणारा मुलगा स्वतःचा परीक्षेचा फॉर्म भरू शकत नाही. फॉर्म भरणं, ईमेल उघडणं, कागदपत्रं स्कॅन करून योग्य आकारात चढवणं, तक्रार नोंदवणं यांना अभ्यासक्रमात जागा नाही, आणि ही कौशल्यं येत नाहीत म्हणून वर्ष वाया जातं. 2022-23 च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत 15 ते 29 वयातले 78.4 टक्के तरुण फाइल जोडून संदेश पाठवू शकत होते, पण माहिती शोधणं, ईमेल पाठवणं आणि ऑनलाइन बँकिंग ही तिन्ही कामं जमणारे फक्त 26.8 टक्के होते. मधल्या दरीत याच तरुणांचे फॉर्म अडकतात.

पैशाच्या बाबतीत ही दरी धोकादायक होते. ‘असर’च्या त्याच पाहणीत वजाबाकी येणाऱ्या मुलांना व्यवहारातली गणितं घातली होती. खर्चाचा ताळमेळ बसवणं 60 टक्क्यांहून अधिक मुलांना आलं, सवलतीची रक्कम काढणं सुमारे 37 टक्क्यांना, आणि कर्ज घेतलं तर एकूण किती परत करावं लागेल हे काढणं जेमतेम 10 टक्क्यांना. हीच मुलं फोन हप्त्याने घेतात. दोन मिनिटांत कर्ज देणारी ॲपं त्यांच्याच पडद्यावर जाहिरात करतात. घरबसल्या कामाचं आमिष दाखवून आधी पैसे भरायला लावणाऱ्या टोळ्या त्यांनाच हेरतात. समाजमाध्यमं वापरणाऱ्या मुलांपैकी साधारण निम्म्यांनाच आपल्या खात्याच्या सुरक्षिततेची सेटिंग्ज माहीत होती. ‘उल्लास’च्या पाच घटकांत जीवनकौशल्यांखाली डिजिटल आणि आर्थिक साक्षरता आहे, पण ती पुरवणीसारखी आली आहे. पंधरा ते पंचविशीतल्या शिकणाऱ्यांसाठी तिलाच गणिताचा गाभा केलं पाहिजे. शेकडेवारी शिकवायची तर हप्त्याच्या पावतीवर शिकवावी. 1930 हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा क्रमांक पाठ करून घ्यावा आणि तक्रार कशी करायची ते वर्गात करून दाखवावं.

काम आणि शिकणं यांचा संबंध याहून खोल आहे. खाद्यपदार्थ घरपोच करणारा मुलगा नकाशा बघून अनोळखी सोसायटीच्या तिसऱ्या विंगपर्यंत अचूक पोहोचतो. सलूनमधला कारागीर कापण्याची नवी तऱ्हा चित्रफितीतून उचलतो. वायरमनच्या हाताखालचा पोऱ्या फ्रिजच्या कॉम्प्रेसरचं दुखणं यूट्यूबवर शोधतो. पोटाशी जोडलेलं शिक्षण तरुण फोनवरून सहज घेतात. रात्रशाळेचा अभ्यासक्रम मात्र दिवसाच्या शाळेचाच आहे, चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांसाठी बेतलेला. कमावत्या तरुणाकडे असलेल्या या ज्ञानाला तिथे गुण नाहीत. ते ज्ञान दहावीच्या विज्ञानाशी आणि भाषेशी जोडणारी पुस्तकं मराठीत लिहिली गेली पाहिजेत, आणि मला वाटतं ते काम सरकारी समित्यांपेक्षा रात्रशाळेचे शिक्षकच चांगलं करतील.

कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दल इथे थोडक्यातच लिहितो. मराठीत बोलून विचारता येतं आणि मराठीत ऐकता येतं, ही वाचनात अडणाऱ्यासाठी मोठी मदत आहे. लाजेने वर्गात न विचारलेला प्रश्न यंत्राला निःसंकोच विचारता येतो. पण उत्तर चूक असेल तर ते ओळखण्यासाठी जे वाचन आणि जी पार्श्वभूमी लागते, तीच या मुलांची कमी पडते. जोवर शेजारी पडताळून पाहणारा शिक्षक आहे तोवर हे साधन उपकारक आहे.

30 मे 2025 रोजी गोवा ‘उल्लास’अंतर्गत पूर्ण साक्षर राज्य म्हणून जाहीर झालं. ती मोठी गोष्ट आहे आणि तिथल्या स्वयंसेवकांचं कौतुक व्हायलाच हवं. पण पूर्ण साक्षरतेनंतरही दहावी न झालेला, फॉर्मला अडणारा, हप्त्यात फसणारा तरुण तिथे असणार, जसा महाराष्ट्रात आहे. साक्षरतेची परीक्षा 150 गुणांची आहे: वाचन, लेखन आणि संख्याज्ञान. या तरुणाला त्या परीक्षेत भरपूर गुण मिळतील आणि त्याची गरज तशीच राहील.

माझं मत मी स्पष्ट सांगतो. या वयोगटासाठी पुढची पाच वर्षं नव्या ॲपवर आणि पोर्टलवर खर्च करू नयेत. प्रत्येक रात्रशाळेत आणि मुक्त विद्यालयाच्या केंद्रात पूर्ण वेळाचा एक शिक्षक, फॉर्म आणि कागदपत्रांसाठी एक मदतनीस, छापील पुस्तकं, मोफत वायफाय आणि मुलींना वर्गापुरते वापरायला देता येतील असे काही फोन एवढं आधी द्यावं. मालकांनी परीक्षेच्या दिवसांची रजा द्यावी आणि कामगार खात्याने ती मिळते का ते पाहावं.

आणि वाचकांना एक विनंती. तुमच्या इमारतीचा वॉचमन, दुकानातला पोऱ्या, घरी कामाला येणाऱ्या मावशींची मुलगी, यांच्यात दहावी राहिलेलं कोणीतरी नक्की असेल. एकदा विचारा. दहावीला बसायची इच्छा असेल तर अर्ज त्यांच्या शेजारी बसून भरा, त्यांच्याच फोनवर, त्यांच्याच ईमेलने, आणि पासवर्ड त्यांच्याच वहीत लिहायला लावा. आठवड्यातली एक संध्याकाळ देता येत असेल, तर जवळची रात्रशाळा शोधा आणि मुख्याध्यापकांना भेटा. गणित आणि इंग्रजीला तिथे माणसं हवी आहेत.